तीन मिनिटांत प्रबंध

पुलाचे कंप मोजणारा अभियंता किंवा चौकातल्या सावलीचा अभ्यास करणारी नगररचनाकार आपले संशोधन शेजाऱ्यालाही समजेल असे सांगू शकेल का? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने त्यासाठी २००८ मध्ये ‘थ्री मिनिट थीसिस’ ही स्पर्धा सुरू केली. कल्पना सुचली दुष्काळामुळे. पाणी वाचावे म्हणून तिथले लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचे टायमर लावून अंघोळ आटोपत. ते पाहून अधिष्ठाता ॲलन लॉसन यांना वाटले, संशोधकालाही अशीच मर्यादा घालावी.

नियम कडक आहेत. पडद्यावर एकच स्थिर स्लाइड; चित्रफीत, संगीत, हातातली वस्तू काहीही चालत नाही. तीन मिनिटे उलटली की स्पर्धक बाद. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध मांडायला नऊ तास लागतील, असे आयोजकच सांगतात. त्यामुळे समीकरणे, तक्ते मागे राहतात आणि मूळ प्रश्न पुढे येतो: हे कशासाठी शोधले, कोणाच्या उपयोगाचे? संशोधकाने हा प्रश्न स्वतःलाही विचारायला हवा, म्हणून मला ही शिस्त मोलाची वाटते. अर्थात पद्धतीची चिकित्सा इतक्या वेळात होत नाही. तिला तासाभराचे व्याख्यान आणि नंतरची प्रश्नोत्तरेच लागतात.

जवळच्या विद्यापीठात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात असे खुले व्याख्यान असेल, तर जरूर जा आणि न समजलेले विचारा.