कामाचा संगणक आणि माहितीची राखण

संगणक सुरू होताच त्याची स्मृती, फायली, कळफलक आणि इंटरनेटची जोडणी यांचा कारभार जी आज्ञावली हाती घेते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. वकिलाकडील दाव्यांची कागदपत्रे, डॉक्टरांकडील रुग्णांच्या नोंदी आणि सनदी लेखापालाकडील हिशेब तिच्याच हातून जात असल्यामुळे, तिची निवड करताना सोय आणि किंमत यांच्याइतकाच, इतरांनी विश्वासाने सोपवलेल्या माहितीच्या राखणीचाही विचार करावा लागतो.

विंडोजच्या बाबतीत ‘निदान-माहिती’ ही संज्ञा आधी समजून घेतली पाहिजे. कोणती उपकरणे जोडली आहेत, कोणता प्रोग्राम अचानक बंद पडला, असे जे तपशील संगणकाकडून मायक्रोसॉफ्टकडे आपोआप जात राहतात, त्यांना हे नाव आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने, विंडोज १० वापरणाऱ्यांना याची पुरेशी स्पष्ट कल्पना दिली जात नसल्याने कायद्याचा भंग होतो, असा निष्कर्ष काढला आणि त्यानंतर कंपनीने सुधारणा केल्या. तरीही होम आणि प्रो आवृत्त्यांमध्ये ऐच्छिक माहिती तेवढी बंद करता येते, आवश्यक ठरवलेली जातच राहते. दुसरा मुद्दा कूटबद्धीकरणाचा, म्हणजे डिस्कवरील मजकूर किल्लीवाचून वाचता येऊ नये अशा रूपात साठवण्याचा आहे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास अनेक संगणकांवर हे संरक्षण आपोआप सुरू होते आणि त्याची ४८ अंकी किल्ली त्याच खात्यात जमा होते. त्यामुळे लॅपटॉप चोरीला गेला तरी मजकूर चोराच्या हाती लागत नाही, पण किल्लीची एक प्रत कंपनीच्या ताब्यात राहते.

ॲपलच्या मॅकओएसमधील फाइलव्हॉल्ट या सोयीत ही किल्ली केवळ स्वतःजवळ ठेवण्याचा पर्याय मिळतो. मात्र १२ नोव्हेंबर २०२० रोजी ॲपलच्या सर्व्हरमध्ये अडचण आली आणि ठिकठिकाणच्या मॅकवर प्रोग्राम उघडण्यास विलंब होऊ लागला, तेव्हा प्रोग्राम उघडताना त्याच्या प्रमाणपत्राची विचारणा कंपनीकडे होते, हे अनेकांना प्रथमच कळले. पुढे या विचारणेसोबत येणारे आयपी पत्ते नोंदवणे थांबवल्याचे कंपनीने जाहीर केले.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या लिनक्सचा मूळ संकेत, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मजकूर, कोणालाही तपासता येतो. तरीही खुलेपणा म्हणजे खासगीपणाची हमी नव्हे, हे उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय रूपाने दाखवून दिले. ऑक्टोबर २०१२ मधील त्याच्या १२.१० या आवृत्तीत, संगणकावरील फाइल शोधण्यासाठी टंकलेले शब्दही उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या सर्व्हरकडे जात आणि उत्तरादाखल ॲमेझॉनवरील वस्तू दिसत. मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांनी याला हेरगिरी ठरवले, वापरकर्त्यांनीही आक्षेप घेतले आणि २०१६ च्या १६.०४ आवृत्तीपासून ही सोय मुळातच बंद ठेवण्यात आली.

खासगीपणाच्या दृष्टीने लिनक्स सरस ठरले, तरी कामाच्या गरजा पुष्कळदा वेगळी दिशा दाखवतात. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनते. मराठी मुद्रणालयांत वर्षानुवर्षे श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूरही बहुधा विंडोजवरच सांभाळला जातो. अशा कार्यालयाने विंडोज ठेवून ऐच्छिक माहिती बंद करणे आणि किल्ली कोठे साठते ते ठरवणे व्यवहार्य असते, तर ज्याचे काम ब्राउझर आणि लिब्रेऑफिस यांवर भागते, त्याला लिनक्सकडे वळणे फारसे जड जात नाही. मात्र ज्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, ती खासगीपणासाठी सर्वांत घातक असते. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे हा प्रश्न आता अनेक कार्यालयांपुढे उभा आहे.

भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहिती गोळा करून तिचा वापर ठरवणाऱ्यावरच तिच्या वाजवी सुरक्षेची जबाबदारी येते आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमची निवड विक्रेत्याच्या सवयीवर न सोडता, कोणती माहिती बाहेर जाऊ द्यायची आणि किल्ली कोणाकडे ठेवायची, हे संगणक विकत घेण्यापूर्वीच कार्यालयप्रमुखाने ठरवून लेखी नोंदवणे अगत्याचे आहे.