ॲप विकलं गेलं, आता तुमच्या पैशांचं काय?

कंपन्या एकमेकींना विकत घेतात, बातमी बिझनेसच्या पानावर येते आणि आपण पान उलटतो. पण ज्या ॲपमधून आपण चहापासून कॉलेजच्या फीपर्यंत सगळं भरतो, त्याचाच मालक बदलला तर?

समजा, लेक्चर संपवून तुम्ही कॅन्टीनमध्ये आला आहात. दोन चहा, एक वडापाव. क्यूआर स्कॅन करायला फोन काढला, तर स्क्रीनवर नवाच मेसेज. 'आम्ही आता अमुक समूहाचा भाग झालो आहोत. आमच्या अटी बदलल्या आहेत.' खाली मोठ्ठं निळं बटण, 'मान्य आहे'. मागे रांग, काउंटरवरचे काका विचारतायत, "झालं का गं?" तुम्ही काय करणार? बटण दाबणार, पैसे भरणार, चहा घेऊन टेबलावर येणार.

मीही तेच केलं होतं. मग गेल्या वर्षी एका जुन्या वॉलेटमध्ये माझे १८६ रुपये अडकले. वॉलेटचं नाव सांगत नाही. मधल्या काळात त्याचा मालक बदलला होता. त्याबद्दलची मेल माझ्या दहावीतल्या ईमेल आयडीवर येऊन पडली होती, जो मी उघडतच नाही. लॉगिन करायला गेले तर ओटीपी जुन्या नंबरवर जाणार, आणि ते सिम मी केव्हाच बंद केलंय. रक्कम किरकोळ होती, पण प्रश्न डोक्यात बसला. कंपनी विकली जाते तेव्हा नक्की काय विकलं जातं? त्यात माझे पैसे असतात का? आणि मी स्वतः असते का?

फ्रीचार्जची गोष्ट

याचं उत्तर शोधायला आपल्याकडचंच एक उदाहरण घेऊ. फ्रीचार्ज आठवतं? तुम्हाला नसेल आठवत तर घरातल्या दादाला किंवा ताईला विचारा. २०१० मध्ये सुरू झालेल्या या साइटची आयडिया भारी होती. जेवढ्याचा मोबाइल रिचार्ज कराल, तेवढ्याच किमतीची कुपन्स मिळवा. कॉलेजच्या पोरांना आणखी काय हवं? माझा मावसभाऊ अख्ख्या होस्टेलचे रिचार्ज स्वतः मारायचा आणि कुपन्स स्वतःकडे ठेवायचा!

२०१५ मध्ये स्नॅपडील या ऑनलाइन शॉपिंग कंपनीने फ्रीचार्ज विकत घेतलं. त्या वेळच्या बातम्यांत हा सौदा सुमारे ४० कोटी डॉलरचा असल्याचं आलं होतं. म्हणजे तेव्हाच्या दराने जवळपास अडीच हजार कोटी रुपये. स्नॅपडीलवर खरेदी करा, फ्रीचार्जने पैसे भरा, असं ते गणित. पुढे नोटबंदी आली, वॉलेट्सची चलती झाली. पण स्नॅपडीलच अडचणीत सापडलं. जुलै २०१७ मध्ये ॲक्सिस बँकेने फ्रीचार्ज घ्यायचं जाहीर केलं. किंमत होती ३८५ कोटी रुपये.

आकडे परत बघा. दोन वर्षांत कंपनीची किंमत साधारण सहाव्या हिश्श्यावर आली. पण ज्याच्या फ्रीचार्ज वॉलेटमध्ये २०० रुपये होते, त्याचे तेहतीस रुपये झाले नाहीत. ते २०० च राहिले. असं कसं?

पैसे कोणत्या कप्प्यात आहेत?

कारण वॉलेटमधले पैसे कंपनीचे नसतातच. बँक नसलेल्या कंपनीने वॉलेट चालवायचं तर ग्राहकांनी भरलेली रक्कम एका वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावी लागते, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे खातं शेड्यूल्ड बँकेत असतं. त्यातून कंपनीने ऑफिसचं भाडं द्यायचं नाही की जाहिरातींवर उधळायचं नाही. दुकानदाराला पैसे देणं, ग्राहकाला परत करणं, अशा ठरावीक कामांसाठीच ती रक्कम वापरता येते. त्यामुळे कंपनीचा मालक कोणीही होवो, तुमचा बॅलन्स हा त्याच्यावरचा हिशोब असतो, कमाई नसते.

पण आपण सगळ्यालाच 'ॲपमधले पैसे' म्हणतो आणि तिथे घोळ होतो. जरा कप्पे वेगळे करू.

पहिला कप्पा यूपीआयचा. इथे तुमचे पैसे ॲपमध्ये नसतातच, ते तुमच्या बँक खात्यात असतात. ॲप फक्त बँकेला निरोप देतं, की एवढे पैसे तिकडे पाठव. म्हणूनच फोनपेच्या बाबतीत आपल्याला काही जाणवलंच नाही. २०१६ मध्ये फ्लिपकार्टने फोनपे घेतलं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला, त्यात फोनपेही आलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये फोनपे आणि फ्लिपकार्ट वेगळे झाले. एवढ्या उलाढाली झाल्या, पण आपल्या चौकातल्या भाजीवाल्या मावशींचा क्यूआर चालूच राहिला.

दुसरा कप्पा वॉलेटचा, ज्याबद्दल वर बोललो. पैसे एस्क्रोमध्ये असतात, हे चांगलं. पण बँकेतल्या ठेवीला जसा पाच लाखांपर्यंतचा विमा असतो, तसा वॉलेटमधल्या रकमेला नसतो. व्याजही मिळत नाही. आणि सलग वर्षभर वॉलेट वापरलं नाही, तर कंपनी तुम्हाला कळवून ते निष्क्रिय करते. माझ्या १८६ रुपयांचं हेच झालं. कळवलं होतं, मी बघितलं नव्हतं.

तिसरा कप्पा कॅशबॅक, पॉइंट्स आणि कुपन्सचा. इथे सांभाळून. हे पैसे वाटतात, पण बहुतेक वेळा ते कंपनीने दिलेलं वचन असतं. नवीन मालक योजना बदलू शकतो, मुदत कमी करू शकतो, पॉइंटची किंमत कमी करू शकतो. अटींमध्ये तशी सोय आधीच लिहून ठेवलेली असते. एकाच ब्रँडच्या दुकानात चालणारं गिफ्ट कार्डही रिझर्व्ह बँकेच्या वॉलेटच्या नियमांत येत नाही. त्यामुळे मालक बदलल्याची बातमी आली की सगळ्यात आधी संपवायचा तो हा कप्पा.

मग ३८५ कोटी कशाचे दिले?

वॉलेटमधला बॅलन्स विकत मिळत नसेल, तर ॲक्सिस बँकेने एवढे पैसे कशासाठी मोजले? तंत्रज्ञान, टीम, ब्रँड हे आलंच. पण कुठल्याही पेमेंट ॲपची खरी मालमत्ता म्हणजे त्याचे ग्राहक. म्हणजे तुम्ही.

एका पेमेंट ॲपला तुमच्याबद्दल काय काय माहीत असतं, याचा कधी विचार केलाय? महिन्याच्या कितव्या तारखेला घरून पैसे येतात. कितव्या तारखेला संपतात. मेसचे पैसे कोणाला देता, रात्री बारानंतर काय मागवता, कोणत्या मित्राकडून उधार घेता. रूममेटला ठाऊक नसेल एवढं ॲपला ठाऊक असतं.

आता मालक बदलला की या माहितीचा उपयोगही बदलतो. शॉपिंग कंपनीच्या हातात ॲप असेल तर तुम्हाला शूजची ऑफर दिसते. बँकेच्या हातात गेलं की 'आता घ्या, नंतर भरा', क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन दिसायला लागतं. बँकेचा धंदाच तो आहे, त्यात गैर काही नाही. पण रिचार्ज करायला ॲप घेतलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला, ज्याच्याकडे अजून नोकरी नाही, एका टॅपवर उधारी मिळायला लागते. त्या उधारीचा हप्ता चुकला तर क्रेडिट स्कोअरवर डाग पडतो आणि तो पुढे बाइकच्या किंवा शिक्षणाच्या कर्जाच्या वेळी समोर येतो. माझ्या मते मालकी बदलण्याचा आपल्या वयाच्या लोकांवर होणारा सगळ्यात मोठा परिणाम हाच आहे. तो खिशातल्या पैशांवर होत नाही, सवयींवर होतो.

आपल्या बाजूने नियमही आहेत. व्यवहारांची माहिती भारतातच साठवायची, असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये दिला. मालक अमेरिकेतला असला तरी त्याला तो लागू आहे. जुलै २०२२ पासून बँक नसलेल्या पेमेंट कंपनीचा ताबा दुसऱ्याकडे जाणार असेल, तर रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी घ्यावी लागते. आणि २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क आपल्याला दिलाय. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. पण संमती मागे घ्यायची तर आधी ती कशाला दिली होती हे माहीत हवं ना!

आपल्याला न दिसणारा मधला माणूस

कॉलेजची ऑनलाइन फी भरताना किंवा विजेचं बिल भरताना मध्येच अर्धा मिनिट एक वेगळंच पान येतं, ते लक्षात आहे? ते पेमेंट गेटवे. अशीच एक मोठी कंपनी म्हणजे मुंबईची बिलडेस्क. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रोसस या डच कंपनीच्या पेयूने बिलडेस्क ४.७ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं. दोन्ही कंपन्या एकाच धंद्यातल्या, त्यामुळे स्पर्धा आयोगाने सौदा तपासला. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने मंजुरी दिली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रोससनेच तो रद्द केला. ठरलेल्या काही अटी मुदतीत पूर्ण झाल्या नाहीत, असं कारण दिलं.

म्हणजे 'अमुकने तमुकला घेतलं' ही हेडलाइन वाचून लगेच ॲप डिलीट करायची घाई नको. घोषणा आणि प्रत्यक्ष ताबा यांच्यात महिने जातात, कधी वर्ष जातं. तेवढा वेळ तुमच्या हातात असतो. आणि स्पर्धा आयोग यात का पडतो? गेटवे कमी उरले तर कॉलेजला, दुकानदाराला पर्याय कमी उरतात, फी वाढू शकते, आणि ती फिरून आपल्याच बिलात येऊ शकते.

मालकापेक्षाही कधी कधी ॲपमागची बँक जास्त महत्त्वाची ठरते. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि तिच्यावर अवलंबून असलेलं फोनपे एका रात्रीत ठप्प झालं. मालक तोच, ॲप तेच, पण व्यवहार बंद. म्हणून आपला यूपीआय आयडी एकदा नीट बघा. @ च्या पुढची अक्षरं बऱ्याचदा मागच्या बँकेचा पत्ता सांगतात.

बातमी आली, आता काय करायचं?

• पॉइंट्स, कुपन्स आणि गिफ्ट बॅलन्स आधी वापरून टाका.

• वॉलेटमध्ये गरजेपुरतेच पैसे ठेवा. वॉलेट नकोच असेल तर ते बंद करून उरलेली रक्कम परत मागा. केवायसी पूर्ण असेल तर ती बँक खात्यात वळती करता येते.

• ॲपमधला मोबाइल नंबर आणि ईमेल आजच तपासा. सिम बदलण्याआधी सगळ्या पेमेंट ॲप्समध्ये नवा नंबर टाका. माझ्यासारखं नंतर नको.

• व्यवहारांचं स्टेटमेंट डाउनलोड करून ठेवा. नवीन ॲपमध्ये जुनी हिस्टरी दिसेलच असं नाही.

• ओटीटी, म्युझिक, जिम यांचे ऑटोपे कोणत्या आयडीला जोडलेत ते पाहा. आयडी बदलला तर ते पुन्हा जोडावे लागू शकतात.

• 'खातं नवीन कंपनीकडे न्यायचंय, ही लिंक दाबा' असा मेसेज आला तर दाबू नका. मालकी बदलाच्या गोंधळात भामट्यांचं फावतं. जे काही असेल ते ॲप उघडून आतच बघा. ओटीपी किंवा यूपीआय पिन कोणालाच सांगू नका.

• पैसे अडकलेच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, नंबर जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

माझे १८६ रुपये? कंपनीला मेल केली, जुना नंबर माझाच होता याचा पुरावा दिला, केवायसी पुन्हा केलं आणि तिसऱ्या आठवड्यात रक्कम खात्यात आली. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना चहा माझ्याकडून होता. पैसे भरताना ॲपने पुन्हा विचारलं, 'आमच्या अटी बदलल्या आहेत'. या वेळी मी रांगेतून बाजूला झाले, मैत्रिणीला म्हटलं, "तू भर गं, मी देते नंतर", आणि तिथेच उभं राहून वाचायला घेतलं. अकरा मिनिटं लागली. त्यात 'कर्जाच्या ऑफर पाठवण्यासाठी माहिती वापरू' असा एक चौकोन आधीच टिक करून ठेवला होता. मी ती टिक काढली.

तुमच्या ॲपमध्येही असा चौकोन असेल. आज चहा पिताना शोधून बघा.