रात्री कुत्रे कुठे झोपणार?

जुन्नरच्या एसटी स्टँडवर उतरून 'इथे प्राण्यांचा निवारा कुठे आहे हो?' असे कोणालाही विचारा, तो माणिकडोहचा रस्ता दाखवील. कुकडी नदीवरच्या धरणापाशी वन विभागाचे हे केंद्र आहे आणि 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था तेथे वर्षानुवर्षे काम करीत आली आहे. पण या निवाऱ्यातले रहिवासी कुत्री-मांजरे नव्हेत, बिबटे आहेत. कोणी विहिरीत पडलेला, कोणी फासात पाय अडकून लंगडा झालेला, तर कोणी पिंजऱ्यात धरल्यावर पुन्हा रानात सोडण्याजोगा न राहिलेला. पुण्या-मुंबईची माणसे निवाऱ्यातून कुत्रे घरी आणतात. आमच्या जुन्नर-आंबेगावातला नावाजलेला निवारा आहे तो कुत्री खाणाऱ्याचा!

हे मी गमतीने लिहीत असलो तरी गंमत नाही. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. ऊस, मका आणि वस्त्यांच्या त्या मुलखात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट, पण आहारात शेळी अवघी ११ टक्के. असे का, हे सांगायला शास्त्रज्ञ नको, आमच्या गावची कोणतीही म्हातारी सांगेल. शेळी दिवेलागणीला गोठ्यात जाते. तिच्या मागे दाराला कडी लागते. कुत्रे मात्र अंगणात राहते, कारण ते तिथे राहावे म्हणूनच पाळलेले असते.

मी बँकेत होतो तेव्हा गाई-म्हशींची कर्जे पुष्कळ वाटली. जनावराचा विमा उतरवला की त्याच्या कानात बिल्ला ठोकायचा. जनावर मेले तर तो बिल्ला दाखवल्याशिवाय दमडी मिळत नसे. तपासणीला वस्तीवर गेलो की मोटारसायकलचा आवाज ऐकून सर्वांत आधी सामोरे येई ते कुत्रे, आणि वसुलीला गेलो तर ते जरा जास्तच आपुलकीने येई. पण मी भरलेल्या शेकडो तपासणी अहवालांत विहीर, मोटर, गोठा, कडब्याची गंज या सगळ्यांची नोंद आहे, कुत्र्याची एकदाही नाही. त्याला किंमत नव्हती, म्हणून ते हिशेबातही नव्हते. आजही बिबट्याने गाय, बैल, शेळी नेली तर पंचनामा होतो, सरकारी भरपाई मिळते. कुत्र्यासाठी अर्ज घेऊन गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

बिबट्या इथे कसा रुळला, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली, कालवे फिरले आणि कोरडवाहू शिवारात बारमाही ऊस उभा राहिला. उसात लपायला जागा, प्यायला पाणी, आणि पाचटात पिल्ले घालायला शांतता. तोडणीच्या हंगामात कोयत्यापुढे दोन-दोन, तीन-तीन पिल्ले सापडतात. तेव्हा वन खात्याची माणसे ती पिल्ले टोपलीत किंवा खोक्यात घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि दूर थांबतात. बहुतेक वेळा आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. पिल्लू गोजिरवाणे दिसते म्हणून ते उचलून सांभाळायला नेण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे आहे. ज्याला आई आहे त्याला दत्तक घ्यायचे नसते.

मोठ्या बिबट्यांच्या बाबतीत हे शहाणपण उशिरा आले. २००१ नंतर जुन्नर भागात बिबटे धरून दूरच्या जंगलात नेऊन सोडण्याचा सपाटा सुरू झाला. २०११ साली अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशेब मांडला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. एकोणतीस बिबटे धरून सरासरी चाळीस किलोमीटरवर सोडल्यावर ते वर्षाला सतरांवर गेले. ओळखीच्या मुलखातून उचलून अनोळखी जागी टाकलेले जनावर भेदरते, भरकटते. हे लक्षात ठेवा, कारण निवाऱ्यातून घरी आणलेल्या कुत्र्याचेही पहिले काही आठवडे असेच असते. ते दावे तोडून पळायला बघते, आणि पळाले तर रात्री उसाच्या कडेलाच सापडायचे.

आता माझ्या पुतण्याकडे येतो. मंचरच्या पलीकडे घोड नदीच्या अंगाला आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तिथे शेतातच घर बांधून तो, सूनबाई, त्यांची आठ वर्षांची लेक आणि माझ्या थोरल्या वहिनी राहतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचा मोत्या रात्रीतून नाहीसा झाला. सकाळी चिखलात फरपटल्याची खूण होती, ती उसाच्या पहिल्या सरीपर्यंत गेली होती. त्याआधीचा कुत्राही असाच गेला होता. नात दोन दिवस जेवली नाही. तेव्हा पुतण्याने ठरवले की या वेळी पुण्यातल्या एखाद्या निवाऱ्यातून चांगले मोठे कुत्रे आणायचे. मलाही सोबत नेले, कारण 'काका, तुम्हाला फॉर्म भरायची सवय आहे.'

फॉर्म खरोखरच होता, आणि जुन्या बँकवाल्याच्या नजरेने सांगतो, चांगला होता. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, घर स्वतःचे की भाड्याचे, घरात कोण कोण, सर्वांची संमती आहे का, गावाला गेलात तर कुत्रे कोण सांभाळणार, लसीचा खर्च झेपेल का. अर्जाच्या शेवटी हमी होती: कुत्रे कोणाला देणार नाही, रस्त्यावर सोडणार नाही, जमलेच नाही तर इथेच परत आणीन. पुतण्या माझ्या कानात कुजबुजला, 'काका, गावात पिल्लू फुकट मिळतं. आणि इथं सोसायटीच्या कर्जापेक्षा जास्त चौकशी!' मी म्हटले, 'सोसायटीने एवढी चौकशी केली असती तर तिची थकबाकी कमी असती.'

दत्तक हा शब्द आपण फार सैल वापरतो. गाव दत्तक, झाड दत्तक. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात तर वर्षाचा खर्च भरून बिबट्याही दत्तक घेता येतो, तो अर्थातच पिंजऱ्यातच राहतो. पण १९५६ च्या दत्तक कायद्याचे पंधरावे कलम सांगते की एकदा रीतसर झालेले दत्तक कोणालाही रद्द करता येत नाही. बँकेत वारसाच्या तंट्यांमध्ये हे कलम मी अनेकदा उलगडून पाहिले आहे. कुत्र्यांना तो कायदा लागू नाही, तरी सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या भटक्या कुत्र्यांविषयीच्या आदेशात जवळपास तेच म्हटले आहे: प्राणिप्रेमींनी रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेण्यासाठी जरूर अर्ज करावा, पण घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांचीच. मला हे पटते.

तर अर्ज भरून झाला आणि तिथल्या बाईंनी सहज विचारले, 'कुत्रं कशासाठी हवंय?'

'राखणीला,' पुतण्या म्हणाला.

'गाव कुठलं?'

त्याने आंबेगाव तालुका सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवले. 'रात्री कुठे झोपणार ते?'

'अंगणात. साखळीला.'

'मग नाही देता येणार.'

पुतण्याला राग आला. परतताना गाडीत तो बोलत होता ते अगदीच चुकीचे नव्हते. घरात झोपणारे कुत्रे राखण काय करणार? आणि त्याच्या मनातले खरे वाक्य राजगुरुनगर मागे पडल्यावर बाहेर आले. 'काका, स्पष्ट सांगू का? कुत्रं गेलं तर गेलं. पोरगी तरी वाचते.'

हे वाक्य आमच्या भागात पुष्कळ लोक मनात म्हणतात. त्यांना निर्दय म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुले गेली. त्यानंतर पिंपरखेडची माणसे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागली. बिबट्या मानगूट धरतो म्हणून असा पट्टा कुत्र्याच्या गळ्यात घालतात. तो आता माणसांनी घातला. ज्याच्या घरात आठ वर्षांची मुलगी आहे, त्याला भूतदयेवर व्याख्यान देऊन उपयोग नाही.

पण हिशेब तरी बरोबर मांडावा. साखळीला बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्यासाठी वाढून ठेवलेले ताट. पळू शकत नाही, लपू शकत नाही, आणि भुंकून आपण कुठे आहोत ते सांगत राहते. हे ताट आपण कुठे मांडतो? उंबऱ्यापासून दहा पावलांवर. ज्या अंगणात बिबट्याला दोनदा जेवण मिळाले तिथे तो तिसऱ्यांदा डोकावणारच, आणि त्याच अंगणात पोरगी हात धुवायला येते. कुत्र्याने बिबट्या पोरीपासून लांब राहत नाही, तो तिच्या दारात येतो. शिवाय भुंकण्याचे काम जाळीच्या आतूनही होते. कुत्र्याचे नाक आणि कान भिंतीला अडत नाहीत.

निवाऱ्यातल्या कुत्र्याचा आणखी एक फायदा आहे, तो फारसे कोणी बोलून दाखवत नाही. बहुतेक वेळा त्याची नसबंदी झालेली असते. गावात कुत्री माजावर आली की पाच-सहा कुत्रे रात्रभर वस्तीभोवती घोटाळतात, आणि घरचा कुत्रा तिच्या मागे मैलभर जातो. नसबंदी केलेल्या जनावराचे भटकणे पुष्कळ कमी होते. कोंबड्यांच्या शेडमधल्या मेलेल्या कोंबड्या बांधावर फेकायच्या नाहीत, खोल पुरायच्या. मग भटकी कुत्रीही जमत नाहीत आणि त्यांच्यामागून येणाराही येत नाही. बाकी रेबीजची लस पहिली तीन महिन्यांच्या वयाला आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या मुदतीने, हे वाचकांना सांगायला नकोच.

हे सगळे मी पुतण्याला सांगितले. पण अडचण त्याची नव्हतीच, वहिनींची होती. त्यांच्या घरात देव आहेत, सोवळे आहे. 'भावजी, खंडोबाचं कुत्रं देवळात चालतं, माझ्या सैपाकघरात नाय चालायचं,' त्या म्हणाल्या. सूनबाई काही बोलली नाही, पण संध्याकाळी ती पडवीची लांबी-रुंदी टेपने मोजत असलेली मी पाहिली. दगडी पडवी, वर पत्रा, दोन बाजूंना भिंत. तिसऱ्या बाजूला फक्त कठडा. गावच्या वेल्डिंगवाल्याने तिथे छतापर्यंत जाड जाळी मारली आणि आतून कडीचे दार बसवले. खर्च एका शेळीच्या किमतीपेक्षा कमी आला. सूनबाईने त्याचा फोटो काढून निवाऱ्याला पाठवला. तिथल्या बाईंनी दार बंद केलेला आणखी एक फोटो मागवला, तोही गेला.

पंधरा दिवसांनी कुत्री घरी आली. पिल्लू नव्हे, तीन-चार वर्षांची, तांबूस रंगाची, नसबंदी झालेली. डाव्या कानाचे टोक कापलेले. वहिनींनी पहिल्या दिवशी लांबूनच विचारले, 'हिचा कान कोणी गं कापला?' नसबंदीची ती खूण असते, हे नातीने त्यांना समजावून सांगितले. मला आपला गाईच्या कानातला विम्याचा बिल्ला आठवला.

पहिला महिना तिला दावे लावूनच बाहेर काढायचे असे ठरले होते, ते त्यांनी पाळले. दिवेलागणीला वहिनी देवापुढे निरांजन लावतात, मग उठून पडवीच्या दाराची कडी स्वतः तपासतात. मध्यंतरी दोन रात्री ती सारखी भुंकत होती, उसाकडे तोंड करून. पुतण्या उठला, खिडकीतून बॅटरीचा झोत टाकला, फटाका वाजवला आणि पुन्हा झोपला. बाहेर गेला नाही. सकाळी बांधावर पावलांचे ठसे होते. ते अंगणात आले नव्हते.

नाव अजून पक्के ठरलेले नाही. नात 'ब्राउनी' म्हणते, वहिनी 'तांबडी' म्हणतात. कुत्री दोन्ही हाकांना येते, पण भाकरी 'तांबडी' म्हटल्यावर मिळते.