म्हशीच्या तोंडातील व घशातील ग्रंथी

रवंथ करणाऱ्या म्हशीच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबताना आपण रोज पाहतो. ही लाळ येते कुठून, ते या अंकात थोडे सांगतो.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या : कानाच्या बुडाशी, खालच्या जबड्याच्या आत आणि जिभेखाली. कानाजवळच्या ग्रंथीचा अगदी पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर द्राक्षाच्या घडासारखे पेशींचे झुबके दिसतात. त्यांतून पाण्यासारखी लाळ पाझरते. जबड्याच्या ग्रंथीत पेशी दोन जातींच्या : बुळबुळीत स्राव करणाऱ्या, आणि त्यांच्या टोकाला चंद्रकोरीसारख्या बसलेल्या पातळ स्रावाच्या. गाल, टाळू, घसा येथील बारीक ग्रंथी बहुतेक बुळबुळीत स्रावाच्या. कोरडा कडबा घशाखाली सरकतो तो त्यांच्यामुळे.

पातळ लाळेत खाण्याच्या सोड्याच्या जातीचा क्षार असतो. उसाचा रस आंबटसर, म्हणून कारखान्यात त्याला चुना देतात; तेच काम ही लाळ म्हशीच्या पोटात करते. पण ती भरपूर सुटते चघळण्याने. व्यालेल्या म्हशीला मायेपोटी एकदम पाटीभर भरडा घातला, तर पोटात आम्ल इतके भराभर होते की लाळ पुरी पडत नाही. म्हैस चारा सोडते, प्रसंगी दगावतेही. तेव्हा वाढे-कडबा आधी, भरडा बेताने. अन् कुट्टीचं पीठ करू नका.

आता घशाच्या दोन्ही बाजूंच्या गाठी, म्हणजे टॉन्सिल. लाळ तयार करणे हे यांचे काम नव्हे. काप पाहिला तर पांढऱ्या पेशींचे दाट पुंजके आणि मधे खोल खाचा. तोंडावाटे येणाऱ्या जंतूंना अडवणारी ही चौकीच म्हणा ना! पण घटसर्पाचे जंतू याच खाचांत दडून राहू शकतात, आणि जनावर दिसायला ठणठणीत असते. पावसाळ्याच्या तोंडी भिजणे, दमणूक, चाऱ्याची आबाळ झाली की जंतू उचल खातात. सणकून ताप येतो, गळा सुजतो, घरघर लागते आणि कित्येकदा एका दिवसात दावण रिकामी होते. गाईपेक्षा म्हशीला हा रोग अधिक. सूज दिसल्यावर औषधाला बहुधा उशीर झालेला असतो.

म्हणून लस पावसाच्या आधी, मे महिन्यातच टोचून घ्यावी. अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. घोडेगाव किंवा लोणीच्या बाजारातून नवी म्हैस आणली, तर तितके दिवस तिची दावण आणि पाण्याची बादली निराळी ठेवा.