बिनपगारी इंटर्नशिप कुणाला परवडते?

2014 मध्ये एका ऑस्ट्रियन तरुणीने युरोपीय महासंघाच्या लोकपालांकडे तक्रार नोंदवली. आशियातल्या एका देशात महासंघाचं जे राजनैतिक कार्यालय आहे, तिथे तिने इंटर्नशिप केली होती, एक पैसाही न मिळता. परदेशात राहायचं म्हणजे विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा, घरभाडं हे सगळं आलंच, आणि ते ज्याचं त्यानं बघायचं. ज्यांच्या घरी पैसा नाही त्यांनी या वाटेला जायचंच नाही का, असा तिच्या तक्रारीचा रोख होता.

प्रकरण तीन वर्षं चाललं. तेव्हा महासंघाच्या जगभरातल्या अशा कार्यालयांत जवळपास 800 तरुण विनावेतन राबत होते. ही कार्यालयं चालवणाऱ्या महासंघाच्या परराष्ट्र खात्याने निधीच्या मर्यादेकडे बोट दाखवलं. लोकपाल एमिली ओ'रायली यांनी फेब्रुवारी 2017 मध्ये स्पष्ट शब्दांत शिफारस केली की, या मुलांना योग्य भत्ता द्या. पैसे नसतील तर फक्त सुखवस्तू घरांतलीच मुलं येतात आणि सरकारी सेवेला समाजाच्या सगळ्या थरांतली माणसं मिळत नाहीत, हे त्यांचं म्हणणं खात्याला मान्य करावं लागलं. एका तरुणीच्या तक्रारीने एवढं घडलं!

गंमत म्हणजे महासंघाच्याच दुसऱ्या दालनात पैसे मिळतच होते. ब्रसेल्समधल्या युरोपीय आयोगाची ‘ब्लू बुक’ इंटर्नशिप 1960 पासून चालू आहे. मुदत पाच महिने, वर्षाला दोन तुकड्या, एक मार्चमध्ये आणि दुसरी ऑक्टोबरमध्ये. अलीकडच्या सत्रांत महिन्याला सुमारे 1,400 युरो भत्ता मिळतो. काम बैठकांना बसण्याचं, त्यांची टिपणं काढण्याचं, अधिकाऱ्यांसाठी माहिती जमवण्याचं. धोरण कागदावर कसं उतरतं, कुठल्या शब्दावरून अडतं, हे वर्गात बसून कळत नाही. तिथे रोज दिसतं.

अमेरिकेला हे शहाणपण फार उशिरा आलं. व्हाइट हाउसमधल्या इंटर्न्सना पहिल्यांदा पैसे मिळाले ते 2022 च्या शरद सत्रात. संयुक्त राष्ट्रांचं सचिवालय मात्र इंटर्न्सना भत्ता देत नाही. 2015 मध्ये जिनिव्हात न्यूझीलंडचा 22 वर्षांचा इंटर्न तंबूत राहत असल्याची बातमी जगभर झाली. आपली परिस्थिती लोकांसमोर यावी, हाही त्यामागे हेतू होता, असं त्याने नंतर सांगितलं. पण जिनिव्हाचं घरभाडं काही त्याने रचलेलं नव्हतं. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या शिक्षकाच्या मुलीला संयुक्त राष्ट्रांच्या इंटर्नशिपसाठी न्यू यॉर्कमध्ये सहा महिने स्वखर्चाने राहा असं सांगणं म्हणजे तिला नकार देणंच आहे.

या बाबतीत आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं कौतुक करायला हवं. मंत्रालयाच्या दिल्लीतल्या इंटर्नशिपमध्ये 2022 च्या धोरणानुसार दरमहा 10,000 रुपये मानधन आणि जाण्या-येण्याचं विमानभाडं मिळतं. दिल्लीत एवढ्यात भागवणं कठीण; तरी तिकिटाचा खर्च उचलल्यामुळे दूरच्या राज्यातला विद्यार्थी निदान अर्ज तरी करतो.

‘ब्लू बुक’मध्ये युरोपबाहेरच्या पदवीधरांसाठी थोड्या जागा असतात आणि भारतीयांनाही अर्ज करता येतो. इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मन यांपैकी एक भाषा उत्तम यायला हवी. ऑक्टोबरच्या तुकडीचे अर्ज साधारण जानेवारीत आणि मार्चच्या तुकडीचे जुलै-ऑगस्टमध्ये मागवले जातात. परदेशातल्या कुठल्याही सरकारी इंटर्नशिपची जाहिरात हाती आली, तर संस्थेच्या नावाआधी भत्त्याची ओळ वाचा. ती नसेल, तर अर्ज करण्यापूर्वी पत्र लिहून विचारा.