पडदा पडल्यावर

बालमित्रांनो, स्नेहसंमेलन कुणाला आवडत नाही? रंगीबेरंगी कपडे, तोंडाला पावडर, समोर आई-बाबा बसलेले आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट! पण पडदा पडल्यावर काय होतं? त्याचीच एक गोष्ट आज सांगते.

आमच्या तिसरीच्या वर्गानं गवळण बसवली होती. त्यातली मावशी एका मुलानं केली. नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि हातवारे असे, की सगळं मैदान पोट धरून हसलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र वर्गात त्याचं नावच बदललं. "ए मावशी, लाजू नकोस!" "मावशी आली रे!" एकदा तर मीही हसले. पंधरा दिवसांत तो शाळेत येईनासा झाला. मी घरी गेले तर दाराआडूनच म्हणाला, "बाई, मी पुन्हा कधी नाटकात काम करणार नाही." काय बोलावं ते मला सुचेना. चूक माझीही होती ना!

मुलांनो, हे दुखणं फार जुनं आहे, बरं का! १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला. त्यातली राणी तारामती कोण झालं होतं, ठाऊक आहे? अण्णा साळुंके, म्हणजे एक पुरुष! कारण त्या कामाला योग्य अशी बाईच मिळेना. चांगल्या घरच्या बायकांनी तोंडाला रंग लावू नये, असं तेव्हा लोक म्हणत. जी लावेल तिला नावं ठेवत. तरीही फाळक्यांच्या पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची शाळकरी वयाची लेक कमला मोहिनी झाली. हीच पुढे कमलाबाई गोखले म्हणून नावारूपाला आली. नट विक्रम गोखले हे त्यांचे नातू.

या मायलेकींनी दार उघडलं. पण दारातून आत आलेल्यांना आपण नीट वागवतो का? केरळ सरकारनं २०१७ साली न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली. मल्याळी चित्रपटांत काम करणाऱ्या स्त्रियांचे हाल तिनं ऐकून घेतले. २०२४ साली तिचा अहवाल लोकांसमोर आला. 'काम हवं ना? मग आम्ही सांगू ते ऐक' असा दबाव तर होताच. पण कित्येक ठिकाणी साधं स्वच्छतागृह नव्हतं, कपडे बदलायला आडोसा नव्हता! म्हणून कित्येक जणी दिवसभर पाणीच पीत नसत. पडद्यावर हसणारा चेहरा आपल्याला दिसतो. त्याची तहान कुठे दिसते?

यासाठी कायदे आहेत. नकोसा स्पर्श, घाणेरडं बोलणं, काम काढून घेण्याची धमकी देऊन त्रास देणं, हा सगळा छळच. २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात, तिथे स्त्रियांची अशी तक्रार ऐकायला समिती हवीच.

आणि तुमच्यासारख्या बालकलाकारांचं काय? पालकांनो, हे तुम्हीही वाचा. २०१७ च्या नियमांनुसार मुलाला चित्रीकरणासाठी दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कमाईचा निदान पाचवा हिस्सा मुलाच्याच नावे बँकेत ठेवावा लागतो. सगळ्यात महत्त्वाचं, मुलाच्या मनाविरुद्ध त्याच्याकडून काम करून घेता येत नाही!

पण वर्गातलं चिडवणं थांबवायला कुठली समिती येणार? ते आपणच थांबवायचं. सोंग सोंगापुरतं; खाली उतरल्यावर तो आपला मित्रच. कुणी चिडवत असेल तर हसू नका, 'पुरे आता' म्हणा. नाचणारी मुलगी जाड आहे, काळी आहे, कुबडी घेऊन चालते, म्हणून तिला मागच्या रांगेत ढकलू नका. आणि तालमीत कुणी मोठ्या माणसानं नकोसं वाटेल असं काही केलं, तर गप्प बसू नका. आईला, बाबांना, बाईंना सांगा. कुणीच ऐकलं नाही तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. फोन फुकट लागतो.

त्या मुलाची मी सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. तो शाळेत परत आला. पुढच्या वर्षी मी भीत भीत विचारलं, "मावशी करशील?"

"नाही बाई. मी ढोलकी वाजवतो."

"बरं," मी म्हटलं. एका शब्दानंही आग्रह केला नाही.

त्या वर्षी ढोलकी अशी काही घुमली म्हणता! आणि पडदा पडल्यावर पोरांनी त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारली.