टांकसाळ आणि शेजाऱ्याचा हक्क
(लेखमाला : चलन आणि नीती, लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात बिटकॉइन हे चलन कोणत्या गणिती युक्तीवर उभे आहे हे पाहिले. आज त्याच्या ज्या अंगाकडे वळावयाचे आहे, त्याचा निवाडा गणिताच्या कक्षेत येत नाही. इस्लामी अर्थनीतीने पैशाविषयी तीन निषेध फार पूर्वीच घालून दिले आहेत: रिबा म्हणजे व्याज, घरर म्हणजे व्यवहारातील घातक अनिश्चितता, आणि मैसिर म्हणजे जुगार. या तिन्हींच्या कसोटीवर हे नवे नाणे घासून पाहण्याचा उद्योग गेली काही वर्षे कैरोपासून जकार्तापर्यंत चालू आहे. मराठी मुलखालाही ही चर्चा अगदी परकी नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ साली बिनव्याजी व्यवहाराचा विभाग उघडला होता, आणि पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविले, हे पुष्कळांना आठवत असेल.

इजिप्तचे प्रमुख मुफ्ती शौकी अल्लाम यांनी जानेवारी २०१८ मध्ये बिटकॉइनचा व्यवहार निषिद्ध ठरविला. त्यामागे कोणत्याही राजसत्तेची हमी नाही आणि फसवणुकीस मोकळे रान मिळते, असा त्यांच्या निवाड्याचा मथितार्थ होता. तुर्कस्तानच्या धर्मखात्याने त्याआधीच्या नोव्हेंबरातच प्रतिकूल कौल दिला होता. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०२१ साली चलन म्हणून त्याला हराम ठरविले, परंतु ज्या नाण्यामागे काही मालमत्तेचा आधार आहे आणि ज्याचा लाभ स्पष्ट दाखविता येतो, त्याची माल म्हणून खरेदी-विक्री करण्यास वाट ठेवली. आणि मलेशियाच्या रोखे आयोगाच्या शरिया सल्लागार मंडळाने तर २०२० मध्येच नोंदणीकृत बाजारांतील अशा व्यवहारास संमती दिली. इतके परस्परविरुद्ध निवाडे पाहून कोणी शास्त्राला हसू नये; चार वकिलांना एकत्र बसविले तरी याहून अधिक एकवाक्यता होणार नाही. मात्र राजमुद्रेवाचून नाणे नाही, या युक्तिवादाने मराठी वाचकाने फारसे भारावून जाण्याचे कारण नाही, कारण पेशवाईत टांकसाळी मक्त्याने दिल्या जात, चांदवडीसारखे नाना तऱ्हांचे रुपये एकाच बाजारात फिरत, आणि कोणत्या रुपयावर किती बट्टा कापावयाचा हे सरकारपेक्षा सराफच अधिक ठरवीत.

या सगळ्या निवाड्यांत मला जी उणीव जाणवते ती अशी की, त्यांतील बहुतेक विचार नाणे हातात आल्यानंतरचा आहे. ते पाडले कसे जाते, कोणाच्या सरपणावर पाडले जाते, याची चौकशी फार थोड्यांनी केली. एखाद्या कुलपाचा आकडा ठाऊक नसताना जगभरच्या लाखो यंत्रांनी एकाच वेळी आकडे फिरवीत बसावे, ज्याचे कुलूप आधी उघडेल त्याला बक्षीस मिळावे, आणि सुमारे दर दहा मिनिटांनी नवे कुलूप पुढे यावे, असा हा कारभार आहे. एप्रिल २०२४ पासून हे बक्षीस ३.१२५ बिटकॉइन इतके आहे. हरलेल्या यंत्रांनी जाळलेली वीज मात्र कोणालाच परत मिळत नाही, आणि केंब्रिज विद्यापीठाच्या अलीकडच्या अंदाजांप्रमाणे या स्पर्धेत वर्षाकाठी शंभर अब्ज युनिटांहून अधिक वीज खर्ची पडते.

इराणात या प्रश्नाने फार बोलके रूप घेतले. तेथे मशिदींना वीज फुकट किंवा नाममात्र दराने मिळते. २०१९ च्या उन्हाळ्यात एका मशिदीत ही यंत्रे ओळीने मांडलेली छायाचित्रे प्रसृत झाली आणि मोठा गहजब उडाला. त्याच वर्षी सरकारने परवाना घेऊन हा धंदा करण्यास मुभा दिली, आणि मे २०२१ मध्ये शहरांतील वीज वारंवार जाऊ लागली तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूहानी यांना चार महिने सरसकट बंदी घालावी लागली. त्या मशिदीतील नाणे व्याजापासून अगदी मुक्त होते असे धरले, तरी ते हलाल होते काय?

हाच प्रश्न माझ्या दाराशीही आला आहे. मी हे लिहितो आहे ते कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील लव्हाल शहरातून. हे शहर एका बेटावर वसले आहे, आणि त्याला मॉन्ट्रियलपासून विभागणाऱ्या रिव्हिएर दे प्रेरी या नदीवर १९३० च्या सुमारास बांधलेले जलविद्युत केंद्र अजून चालू आहे. येथे वीज ही नुसती विकत घेण्याची जिन्नस नाही. १९४४ साली मॉन्ट्रियलची खाजगी वीज कंपनी सरकारजमा होऊन हायड्रो-क्वेबेक जन्मास आली, १९६३ मध्ये प्रांताचे मंत्री रने लेव्हेक यांच्या पुढाकाराने उरलेल्या मोठ्या कंपन्याही तिच्यात विलीन झाल्या, आणि तेव्हापासून ही वीज आपल्या मालकीची आहे ही भावना येथील लोकांच्या अंगी मुरली आहे. बहुतेक घरे विजेवरच तापविली जातात. फेब्रुवारी २०२३ मधील कडाक्याच्या थंडीत प्रांताची मागणी ४३,००० मेगावॅटच्या वर गेली.

अशा प्रांताकडे २०१७-१८ मध्ये बिटकॉइनवाल्यांची रीघ लागली. आरंभी हायड्रो-क्वेबेकने त्यांचे स्वागतच केले, कारण तिच्याजवळ शिल्लक वीज होती. पण लवकरच आलेल्या अर्जांची बेरीज १८,००० मेगावॅटच्या वर गेली. तत्कालीन मुख्यमंत्री फिलिप कुयार यांनी नुसती यंत्रे आणून विजेला जोडणाऱ्यांत आपणास फारसे स्वारस्य नाही, समाजाच्या पदरात काही पडले पाहिजे, अशा आशयाची भूमिका घेतली. नव्या जोडण्या थांबविण्यात आल्या. पुढे प्रांताच्या वीजनियामकाने २०१९ मध्ये या धंद्यासाठी ३०० मेगावॅटचा स्वतंत्र हिस्सा राखून ठेवला, आणि कडाक्याच्या दिवसांत वर्षाकाठी ३०० तासांपर्यंत यंत्रे बंद ठेवण्याची अट घातली. २०२२ च्या नोव्हेंबरात हायड्रो-क्वेबेकने त्यातील न वापरलेले सुमारे २७० मेगावॅटही परत मागितले.

धंदेवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. उन्हाळ्यातील पाणी धरणावरून वाया जाण्यापेक्षा त्याचे पैसे व्हावेत, यंत्रांच्या उष्णतेवर हरितगृहे तापवावीत, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्यांश आहे. परंतु इतर पुष्कळ धंद्यांत त्याच विजेवर जितकी माणसे कामास लागतात, तितकी माणसे या गोदामांत लागत नाहीत. शिवाय याच प्रांतातील शेरब्रुक शहरात बिटफार्म्स कंपनीच्या एका केंद्रातील पंख्यांच्या अखंड घोंघावण्याविरुद्ध शेजाऱ्यांनी इतक्या तक्रारी केल्या की कंपनीला तेथील कारभार अन्यत्र हलवावा लागला.

आणि ती स्वस्त वीज आली कोठून? ला ग्रांद नदीवरील प्रचंड प्रकल्प १९७१ मध्ये जाहीर झाला तो तेथील मूळनिवासी क्री लोकांना न विचारता. त्यांनी न्यायालय गाठले, आणि १९७५ साली जेम्स बे करार झाला, पण शिकारीचा मुलूख पाण्याखाली गेला तो गेलाच. मुळशी पेट्यातील मावळ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, आणि तरीही मुंबईच्या गिरण्यांच्या विजेसाठी त्यांची भातखाचरे बुडाली. हे ज्याला ठाऊक आहे, त्याला क्री लोकांची व्यथा निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गिरण्यांनी निदान लाखो कामकऱ्यांना रोजी दिली.

नवल असे की इस्लामी न्यायशास्त्रात याविषयीचे तत्त्व हाताशीच आहे. स्वतः कोणास अपाय करू नये आणि अपायास अपायाने उत्तर देऊ नये, या हदीसवचनावर उभा असलेला नियम एकोणिसाव्या शतकातील उस्मानी साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेत कलम १९ म्हणून नोंदला आहे. आणि तिच्याच कलम १२०० मध्ये घराला लागून लोहाराचे दुकान किंवा गिरणी उभी राहिली आणि तिच्या हादऱ्यांनी इमारत खिळखिळी होऊ लागली, तर तो उपद्रव कोणत्याही रीतीने दूर केला पाहिजे, असा दाखला दिला आहे. शेरब्रुकच्या शेजाऱ्यांची फिर्याद या कलमाखाली सहज दाखल झाली असती. घरर आणि मैसिर यांचा खल करणाऱ्या मुफ्तींनी या कलमाकडेही वळावे. ज्या नाण्याची टांकसाळ दुसऱ्याची ऊब आणि झोप हिरावून चालते, ते माझ्या मते व्याज न घेताही अशुद्धच राहते.

इथेरियम या दुसऱ्या मोठ्या चलनाने सप्टेंबर २०२२ मध्ये ही स्पर्धाच मोडीत काढून आपला वीजखर्च ९९ टक्क्यांहून अधिक कमी केला. मात्र तेथे आता आपली नाणी ठेव म्हणून अडकवून ठेवणाऱ्यास मोबदला मिळतो, आणि तो नफा मानावा की रिबा, यावर नवा वाद उभा राहिला आहे. त्याचा विचार पुढील लेखांकात करू.